पोटहिस्सा

दुसरबीड
६ नोव्हेंबर २०२४

उत्तमभाऊ,

वर तीर्थस्वरूप लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नाही. हात वळला नाही.

तुझं पाकीट परवा मिळालं. अडीच वर्षांनी भावाचं पत्र, म्हणून ओट्यावर बसून आधी चष्मा पुसला आणि मग फोडलं. पहिलं पान वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या वऱ्हाडी शब्दांच्या कोशाचं काम 'प'पर्यंत आलंय, 'पोटहिस्सा पाडणे' या क्रियापदाचा अर्थ आणि उगम आपल्याकडच्या माणसाच्या तोंडून हवाय, आणि आईच्या मागं ती जुनी बोली माझ्याइतकी कुणाकडे उरली नाही, असं तू लिहिलंस. दहावी झालेल्या बहिणीला पुण्याचा प्रोफेसर शब्द विचारतो! मी ते पान दोनदा वाचलं. मग त्याच्या मागून दुसरा कागद निघाला.

'आईच्या नावच्या दीड एकराचे पोटहिस्से पाडण्यास आम्हा तिन्ही वारसांची संमती आहे.' खाली तुझी सही. त्याखाली शेषाभाऊची सही. माझ्या नावापुढे पेन्सिलीची फुली, म्हणजे अडाणी बाईला जागा सापडावी. सोबत तू आखलेला नकाशा. तीन तुकडे, वीस-वीस गुंठ्यांचे. अ रस्त्याला लागून, विहिरीसकट, त्यात तुझं नाव. ब मधला, शेषाभाऊचा. क नाल्याकडचा, माझा. आणि तुझं वाक्य काय, तर 'तिघांना अगदी सारखं क्षेत्र येतं, कुणावर अन्याय नाही.'

नाल्याकडे आषाढापासून दसऱ्यापर्यंत पाय घोट्याएवढा रुततो, हे तुला माहीत नाही? तुझीच चप्पल तिथं रुतून राहिली होती, ती मी काढली होती. तिथं मेथी लावू का सांभार लावू? (सांभार म्हणजे कोथिंबीर. मागं तू मला लोकांसमोर सुधारलं होतंस. आता तोच शब्द कोशात घालून बक्षीस घेशील.)

एक सांग. शब्द विचारायला पाकीट पाठवलंस की सही घ्यायला? दोन्ही एकाच पाकिटात घालताना तुझं तुला काहीच वाटलं नाही?

बाबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा मी काय केलं, आठव. सगळ्यांना चहा केला, हक्कसोडीच्या कागदावर सही केली, तुम्ही दिलेली साडी घेतली आणि गप्प बसले. तेरा वर्षांत त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पण तो बाबांचा गट होता. हा तुकडा आईचा आहे, तिला तिच्या वडलांनी दिलेला. नवरा गेला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. माघारी आले तेव्हा आईनं माझ्या हातात विळा दिला आणि म्हणाली, "रडत नोको बसू, वांगे खुरपाले चाल." तेव्हापासून त्या विहिरीच्या पाण्यावर मी भाजी काढते आणि देऊळगाव राजाच्या बाजारात नेऊन विकते. माझं पोट त्यावर आहे. एकतीस वर्षं झाली.

आणि आई गेल्याचं वेळेवर कळवलं नाही, हे तू याही पत्रात लिहिलंच आहेस. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगते. फोन लागत नव्हता. रेंज नव्हती.

सही करणार नाही. शब्दाचा अर्थही सांगणार नाही. कोशात तेवढी जागा कोरी ठेव.

पुष्पा


दुसरबीड
२४ नोव्हेंबर २०२४

उत्तमभाऊ,

तुझं उत्तर मिळालं. 'भाषेचं काम आणि जमिनीचं काम यांची गल्लत करू नकोस' म्हणे. गल्लत मी केली? पाकीट कोणी भरलं होतं?

'शांतपणे विचार कर' असंही लिहिलंयस. शांतपणे विचार करायला मी शेषाभाऊकडे गेले. तो अंगणात बसून दोर वळत होता. गीतावहिनीनं मला पाहिलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली, ती आलीच नाही. मी नकाशा त्याच्या पुढ्यात टाकला.

"शेषाभाऊ, यावर तुही सही हाये?"

"हाव. उत्तमभाऊचा फोन आला व्हता."

"मले काऊन नाही इचारलं?"

"मले वाटलं तुले आधी इचारलं असंन. तो म्हने, पुष्पी हाव म्हनते."

"मी हाव म्हनलं? कधी म्हनलं? सपनात?"

त्यानं दोर खाली ठेवला आणि नकाशा डोळ्यांजवळ नेला. बिचाऱ्यानं सही करताना तो उघडूनही पाहिला नव्हता. विहीर कुठल्या चौकोनात आहे ते बोटानं शोधलं आणि म्हणाला, "हे तं इहीर त्याच्याइकडं गेली बे." बहिणीला बे म्हणाला, इतका तो गांगरला होता. मग म्हणाला, "सही तं करून बसलो पुष्पे. आता काय करू?" मी म्हटलं, दोर वळ.

तुझा पहिल्यापासून हाच धंदा आहे. एकाला सांगायचं दुसऱ्याचा होकार आहे, दुसऱ्याला सांगायचं पहिल्याची सही आहे. सिंदखेडच्या शाळेत असताना सहलीची परवानगी तू बाबांकडून अशीच काढली होतीस. तेव्हा आम्ही हसलो होतो.

बरं. तुला शब्दाचा उगम हवा होता ना? मी सांगणार नव्हते, पण आता सांगते, कारण तुला तो माहीत आहे आणि तू मुद्दाम विसरलास. हिस्सा हा शब्द अरबीतून आला की आणखी कुठून, ते तुझी पुस्तकं बघून घेतील. मी आपल्या घरातला उगम सांगते.

चुलीच्या मागच्या फळीवर गुळाची ढेप असायची. बाजाराच्या दिवशी आई तिचा एक खडा काढायची. आधी दोन वाटे व्हायचे, एक बाबांचा न् तिचा, एक आपल्या तिघांचा. आपल्या वाट्याचे पुन्हा तीन करायचे, त्याला ती म्हणायची, "आता पोटहिस्से पाडा रे." वाटलेल्याचं पुन्हा आतून वाटणं, म्हणजे पोटहिस्सा पाडणं. हा तुझा अर्थ. लिहून घे.

आता रीत. पाडायचे तू, कारण तू थोरला. आणि उचलायचं आधी मी, कारण मी धाकटी. मग शेषाभाऊ. राहील तो तुझा. पहिल्या वेळी तू एक मोठा पाडलास, मी तोच उचलला, आणि तू फळीखाली बसून भोकाड पसरलंस. आईनं जवळही घेतलं नाही. म्हणाली, "पाडनाऱ्यानं आखरीले उचलाव. नाही तं त्याचा हात सारका चालत नाही." दुसऱ्या आठवड्यापासून तू गूळ दोऱ्यानं कापायला लागलास. असे सारखे वाटे पाडायचास की मला निवडता यायचं नाही.

बाबांच्या जमिनीलाही तीच रीत होती. तू वाटे पाडलेस, शेषाभाऊनं उचलला, राहिलेला तू घेतलास. मला उचलायला बोलावलं नाही. आई दारात उभी राहून म्हणाली, "धाकटी राह्यली न्." मी आत कपबशा विसळत होते, मला ऐकू आलं होतं.

आता तू पुण्यात बसून वाटे पाडतोस आणि पुण्यात बसून स्वतःच आधी उचलतोस. त्यालाच न्याय म्हणतोस. आईनं तुला पुन्हा फळीखाली बसवलं असतं.

पुष्पा


दुसरबीड
१२ डिसेंबर २०२४

उत्तमभाऊ,

काल तुझा माणूस आला होता. पांढरी गाडी, हातात टेप. मी मिरच्या तोडत होते. तो सरळ वाफ्यांतून चालत आला, सांभाराच्या कोवळ्या रोपांवरून, आणि विहिरीत डोकावून सोबतच्या पोराला म्हणाला, "हे बुजून टाकू. ढाब्याच्या पार्किंगले आडवी येते."

मी म्हटलं, "कोन तुम्ही?"

"प्रोफेसर साहेबांनी पाठवलं. जागा पाहाले आलो."

"प्रोफेसर साहेबानं हे सांगलं का, का इहिरीची मालकीन जित्ती हाये?"

हातात मिरच्यांची टोपली होती, नाही तर विळाही असू शकला असता. गेला तो. जाताना म्हणाला, "बाई, कागद झाला का मंग बोलू."

बुजवायची! त्या विहिरीचा शेवटचा हातभर खडक आईनं सहा महिन्यांची गरोदर असताना टोपलीनं उपसला. त्या पोटात तू होतास. हे तिनं मला सांगितलं, तुला नाही, कारण तू तिला फक्त शब्द विचारायचास.

तू लिहितोस की मी तुझी आई तुझ्यापासून तोडली. तुला तिचं शेवटचं पाणी पाजता आलं नाही, ते मी तुझ्याकडून हिसकावलं, आणि तू ते मरेपर्यंत विसरणार नाहीस. हे वाचून मी तीन दिवस तुझ्या नावानं बोटं मोडली. चौथ्या दिवशी ठरवलं की सांगून टाकायचं. तर ऐक.

फोन लागला असता. रेंज होती. मी लावलाच नाही.

सकाळी आठला तिची नजर फिरली, तेव्हा फोन माझ्या हातात होता. तुझं नाव काढलं होतं. ती गेली दुपारी अडीचला. तेवढ्या वेळात तू पुण्याहून पोचला नसतास, पण तिच्या कानाशी तुझा आवाज लावता आला असता. मी फोन पदराखाली ठेवला. शेषाभाऊनं विचारलं, "उत्तमभाऊले कळवलं?" मी म्हटलं, लागत नाही. तुला फोन केला तो ती गेल्यावर तासाभरानं, आणि सूर्य मावळायच्या आत उरकायचं म्हणून तू यायच्या आधी तिला नेलं. तेही मीच ठरवलं. शेषाभाऊ थांबू म्हणत होता.

का? तर त्याआधीच्या दिवाळीत तू दोन दिवस आला होतास. तिला बोलताना धाप लागायची. ती तुझा हात धरून विचारत होती, "उत्तम, तू कधी येशीन बाप्पा?" आणि तू हात सोडवून घेतलास, वही उघडलीस आणि म्हणालास, "आई, मघाशी कोणता शब्द म्हणालीस? पुन्हा म्हण." तिनं पुन्हा म्हटला. तू म्हणालास, आणखी एकदा, नीट. तिनं धापा टाकत तीनदा तो शब्द म्हटला, कारण पोरगं मागतंय. तुला काहीतरी देता येतंय याचंच तिला कौतुक. तू गेल्यावर मला विचारते, "त्याले पुरले का वो शब्द?"

त्या सकाळी मला तेच आठवलं. मनात आलं, हा आता फोनवरही वही उघडेल.

हे पाप आहे. मला माहीत आहे. सकाळी विहिरीवरची मोटार सुरू करते तेव्हा मला ते आठवतं, आणि तुझ्यावरचा राग कमी न होता उलट वाढतो, कारण तू तसा नसतास तर मी अशी झाले नसते. तू मला शिव्या दे. तो तुझा हक्क आहे. पण त्या पापाच्या बदल्यात विहीर मिळणार नाही. ते वेगळं आणि हे वेगळं. गल्लत करू नकोस.

पुष्पा


दुसरबीड
७ जानेवारी २०२५

उत्तमभाऊ,

मला वाटलं होतं आता तुझं पत्र येणार नाही. आलं. त्यात दोनच ओळी. 'वाचलं. काय लिहावं कळत नाही.' त्या दोन ओळी मी परत परत वाचल्या. अक्षर तुझं नेहमीचं नव्हतं, उतरत गेलं होतं. तिथंच थांबला असतास तर मी कदाचित उठून पुण्याची गाडी धरली असती.

पण तू थांबला नाहीस. ताजा कलम घातलास. 'सहीचं तेवढं लवकर कर, समोरचा माणूस थांबायला तयार नाही.' नवा कोरा संमतीचा कागद, तोच नकाशा, पुन्हा पेन्सिलीची फुली. आणि वर कोशाचं छापील कार्ड, म्हणजे मला बघून आनंद व्हावा.

झाला आनंद. तुला वाटला त्यापेक्षा जास्त झाला. कार्ड मी शेषाभाऊला मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझेच शब्द आहेत, तरी इथं उतरवते, कारण लिहून झाल्यावर तू ते वाचलेले दिसत नाहीत:

'पोटहिस्सा पाडणे. वाटून झालेल्या वस्तूचे वा जमिनीचे आतून पुन्हा वाटे करणे. रूढी: वाटे थोरल्याने पाडावेत, उचलताना धाकट्यापासून सुरुवात व्हावी, पाडणाऱ्याने राहिलेला वाटा घ्यावा. उदाहरण: थोरल्याने पोटहिस्से पाडले आणि धाकटीने आधी उचलला. माहितीदार: पुष्पाबाई, दुसरबीड.'

शेषाभाऊनं पुन्हा वाचायला लावलं. मग त्याला खोकला लागेपर्यंत हसू आलं. गीतावहिनी पहिल्यांदा बाहेर येऊन बसली. शेषाभाऊ म्हणाला, "पुष्पे, हे त्यानं सोता छापलं? सोता?" मी म्हटलं, हाव, सोता. तो म्हणाला, "मंग सही कर न् लेकाच्या कागदावर."

तर मी सही केली आहे. कागद सोबत जोडला आहे.

वाटे तू पाडलेस. मी त्यातली एक रेषही हलवली नाही. वीस गुंठे म्हणालास तर वीस गुंठे. फक्त चौकोनांतली तुझ्या हातची नावं आम्ही खोडली आणि रीतीप्रमाणे उचललं. धाकटी मी, म्हणून आधी मी. अ उचलला, रस्त्याकडचा, विहिरीसकट. मग शेषाभाऊ. त्याला ब हवा होता, त्यानं ब घेतला. खाडाखोडीपाशी दोघांच्या सह्या आहेत. राहिला तो क, त्यात तुझं नाव लिहिलं आहे. नाल्याकडचा आहे. तूच लिहिलं होतंस, सारखं क्षेत्र, कुणावर अन्याय नाही.

आता रागावशील. म्हणशील, पुष्पीनं फसवलं. तुझा गूळ तूच कापला होतास भाऊ, आणि या वेळी दोरा घेतला नव्हतास. आधी उचलायला मी असेन असं तुला वाटलंच नाही. बाबांच्या वाटणीच्या दिवशी मी आत कपबशा विसळत होते, तशीच असेन, असं वाटलं.

खाडाखोडीपाशी तुझी एक सही बाकी आहे. तिथं मी पेन्सिलीनं फुली केली आहे, म्हणजे जागा सापडेल. करायची असेल तर कर. नसेल तर कागद फाड. मग दीड एकर जसा आहे तसा तिघांचा राहील, विहीर तिघांची राहील आणि तुझा तो ढाबेवाला दुसरीकडे जागा बघेल. मला दोन्ही चालतं. सही केलीस तर आठवड्यातून एक दिवस पाण्याची पाळी तुझ्या क तुकड्याला सोडेन. आईची विहीर आहे, कुणाचं पाणी तोडायचं माझ्या मनात नाही. पण तू नाहीस तर पाणी फिरवायला कोणी नाही, म्हणून पाळी घ्यायला तुलाच यावं लागेल. येताना वही आणू नकोस.

कार्ड परत पाठवते आहे. मजकूर बरोबर आहे, मी तपासला. एकच चूक सापडली, ती दुरुस्त कर आणि मग कोशात घाल. माझ्या नावामागं माहितीदार लिहिलं आहेस. तो शब्द खोडून तिथं हिस्सेदार लिही.

पुष्पा